घरी केलेला स्नो

नावात ॲसिड आलं की लोक उगाच घाबरतात. स्टिअरिक ॲसिडच्या वाट्याला हा अन्याय कायम येतो. मी रबराच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी स्टिअरिकच्या पोत्यांशेजारी उभं राहून काढली, म्हणून ठामपणे सांगतो, की इतका गरीब स्वभावाचा पदार्थ शोधून सापडणार नाही. साबुदाण्याएवढे पांढरे दाणे, बोटांत चुरले की मेणासारखे गुळगुळीत, वास असून नसल्यासारखा. रबर मळताना ते थोडंसं घातलं की पुढे गंधक आपलं काम चोख करतं. घालायचं राहिलं तर रबर कच्चं निघतं आणि मग सगळे एकमेकांच्या नावाने बोटं मोडतात.

घरातही माझ्याकडे त्याची एक बरणी असायची. पिशवीची चेन अडकली, लाव स्टिअरिक. ड्रॉवर करकरला, लाव स्टिअरिक. बायको म्हणायची, "उद्या फोडणीत टाकू नका म्हणजे मिळवली." मी तिला समजावून सांगायचो, की फोडणीत नसलं तरी तुपात ते मुळातच असतं, कोकमाच्या बियांच्या तेलात तर भरपूर असतं, औषधाच्या गोळ्या साच्याला चिकटू नयेत म्हणून त्याच्यापासून केलेली भुकटी वापरतात, साबणात ते आहे, मेणबत्तीत आहे, दाढीच्या फेसात आहे. ती बँकेत नोकरी करते. ऐकून घ्यायची सवय आहे तिला, पण मेणबत्तीपर्यंत आलो की ती उठून आत जाते.

दोन वर्षांपूर्वी कारखाना लांब हलला. बरोबर चला नाही तर घरी बसा, असं सांगितल्यावर मी मोठ्या रुबाबात घरी बसलो. पहिला आठवडा मजेत गेला. मग मी नऊ-नऊ वाजता उठायला लागलो, वर्तमानपत्र शब्दकोड्यासकट दोनदा वाचायला लागलो आणि धायरीतल्या आमच्या गॅलरीत उभा राहून खाली कोणी कोणी गाडी वाकडी लावली आहे ते मोजायला लागलो. याला मी विश्रांती म्हणत होतो.

घरात तिसरं माणूस म्हणजे आई. वय शहात्तर, गुडघे सोडले तर सगळं शाबूत, जीभ विशेष शाबूत. आमच्या आणि आजूबाजूच्या इमारतींतल्या बायकांचं एक भजनी मंडळ आहे, त्यात ती मुख्य गायची, काळी चारच्या चढ्या पट्टीत. माझं मत विचाराल तर तीच गायची, बाकीच्या सोबतीला होत्या. तीन वर्षांपूर्वी बाबा गेले आणि आईचं गाणं बंद झालं. मंडळ चालू राहिलं, बायका बोलवायला येत राहिल्या, आई चहा पाजून त्यांना परत पाठवत राहिली. घरात गुणगुणणंसुद्धा थांबलं. मी सुरुवातीला म्हटलं, जाऊ दे, वेळ लागेल. पण एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, तिसरं संपत आलं. या वयात थांबलेली गोष्ट पुन्हा सुरू होत नाही, ही धास्ती माझ्या मनात बसली होती. गाणं गेलं तर आईतलं नेमकं काय उरेल, हा विचार मी गॅलरीत उभं राहून करायचो आणि तो झटकण्यासाठी पुन्हा गाड्या मोजायचो.

दत्तजयंतीला महिना-सव्वा महिना होता तेव्हा खालच्या मावशी वर आल्या. या मावशी मूळच्या धायरीच्याच. आमची इमारत उभी आहे तिथे त्यांचा भाजीचा मळा असायचा, आणि हे त्या लिफ्टमध्ये भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. मंडळात त्या टाळ वाजवतात.

"ताई, दत्तजयंतीला देवळात आपलं मंडळ हाय," मावशी म्हणाल्या. "तुमीच गायचं. तुमच्याबिगर आमचं भजन म्हंजी नुसता कालवा हाय."

"नको हो," आई म्हणाली. "चेहरा बघा कसा सुकलाय. आणि आता माझा तो स्नोसुद्धा कुठे मिळत नाही."

मावशींनी आईकडे जरा निरखून बघितलं, बशीतला चहा संपवला आणि गेल्या. मी वर्तमानपत्राच्या मागे होतो. इतरांना यात एक सबब ऐकू आली असती. मला ऑर्डर ऐकू आली.

या स्नोबद्दल सांगायला हवं. माझ्या लहानपणी आईचं स्नो-पावडर हा रोज पाच वाजताचा कार्यक्रम होता. तोंड धुऊन ती आरशापुढे उभी राहायची, जाड काचेच्या पांढऱ्या बाटलीतून बोटाच्या टोकावर स्नो घ्यायची, पाच ठिपके द्यायची आणि चोळायची. बघता बघता तो चेहऱ्यात नाहीसा व्हायचा. मला ती जादू वाटायची. पुढे कळलं की जादू स्टिअरिकची आहे. पाणी उडून जातं आणि स्टिअरिकचा अगदी पातळ, न चिकटणारा थर तेवढा मागे राहतो. पावडर त्यावरच नीट बसते. बाबा सहाला छापखान्यातून यायचे तेव्हा आई ताजी टवटवीत असायची. हे तिने पन्नास वर्षं केलं. बाबा रिटायर होऊन दिवसभर घरात बसायला लागले तरी पाचला स्नो चुकला नाही.

मी आधी सरळ मार्गाने गेलो. तीन वेगवेगळी क्रीम आणली. पहिलं आईने हातावर लावलं आणि म्हणाली, "चिकट आहे." दुसऱ्याचा वास घेतला आणि म्हणाली, "फरशी पुसायचं का?" तिसऱ्यावर गोरेपणाचं काहीतरी लिहिलं होतं. ते वाचून तिने बाटली उघडलीच नाही. "शहात्तराव्या वर्षी गोरी होऊन जाऊ कुठे?"

मग मी जाहीर केलं, की स्नो घरी करतो. बायकोने फक्त भुवई उचलली. मी माझी बरणी काढली, तर आई म्हणाली, "ते कारखान्यातलं? त्यात कसली चरबी असेल देव जाणे. मला ते तोंडाला लावून दत्ताच्या देवळात जायचंय." मुद्दा बिनतोड होता. स्टिअरिक प्राण्यांच्या चरबीपासूनही करतात आणि तेलापासूनही करतात, आणि रबराला त्याचं सोयरसुतक नसतं. शिवाय आई "जायचंय" म्हणाली होती. त्या एका शब्दावर मी उड्या मारत रविवार पेठेत रसायनांच्या दुकानात गेलो.

दुकानदाराने मान वर केली नाही.

"स्टिअरिक आहे?"

"आहे."

"तेलाचं की चरबीचं?"

"खायचंय का?"

"नाही, स्नो करायचाय."

"स्नो पुढच्या चौकात तयार मिळतो," तो म्हणाला आणि तेलाच्या स्टिअरिकची पुडी बांधून दिली. त्याच्या बोलण्यात तथ्य होतं, हे मला फार उशिरा कळलं.

कृती ऐकायला सोपी आहे. एका भांड्यात स्टिअरिक गरम पाण्यावर ठेवून वितळवायचं. दुसऱ्या भांड्यात पाणी, ग्लिसरीन आणि बेताचा खार तेवढाच गरम करायचा. खार थोड्या स्टिअरिकचा साबण करतो आणि तो साबण उरलेल्या स्टिअरिकला पाण्याबरोबर धरून ठेवतो. दोन्ही एकत्र करायचं आणि ढवळायचं. झाला स्नो. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी झाली रव्याची खीर. लवकर निवावं म्हणून मी भांडं फ्रीजमध्ये ठेवलं होतं. त्याचे दाणे दाणे झाले.

दुसऱ्या खेपेला मला खार कमी पडेल असं वाटलं. पोटॅश, म्हणजे यातला खरा खार, पुरेसं आणलं नव्हतं आणि फळीवर पापडखाराचा डबा दिसला. खार तो खार, असा विचार करून मी चमचाभर घातला. एकतीस वर्षं ज्याने दुसऱ्यांना रसायनं शिकवली त्याला पापडखारातून वायू निघणार हे सुचू नये, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. मिश्रण फसफसून वर आलं, पातेल्याबाहेर आलं, बर्नरमध्ये गेलं आणि ओट्यावरून खाली उतरलं. बायको बँकेत जायला निघाली होती. तिने दारातून डोकावून विचारलं, "तळणार आहात की लावणार आहात?"

आई मात्र तेव्हापासून स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसायला लागली. "वड्यांचं मिश्रण घोटतो तसं एकाच दिशेने घोट," ती सांगायची. "निवेपर्यंत हात थांबवायचा नाही. फोन वाजला तर वाजू दे." पोटॅश आलं, वजनाचा छोटा काटा आला. सात वाजल्यानंतर ओटा माझा नसायचा, म्हणून मी साडेपाचला उठायला लागलो. रोजची खेप डबीत भरायची, वर तारीख घालायची आणि आईपुढे ठेवायची. आई मनगटाच्या मागच्या बाजूला लावायची, उजेडात धरायची, वास घ्यायची आणि नाव ठेवायची. एकदा कातडी ओढते. एकदा पांढरट राहतो. एकदा गुलाबपाणी जास्त झालं, "लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखं वाटतं." मी प्रत्येक दोष वहीत लिहून घ्यायचो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या मागे लागायचो. खरं सांगायचं तर मजेत होतो.

"आई हातावर लावून बघतात," बायको एकदा जेवताना म्हणाली. आई तेव्हा शेजारी गेली होती. "तोंडाला लावलाय का एकदा तरी?"

"पसंत पडला की लावेल."

"तुम्हाला खरंच असं वाटतं, की त्यांचं स्नोवाचून अडलंय?"

"तीच म्हणाली तसं."

"मग तुम्ही रबरच करत होतात ते बरं होतं," ती म्हणाली आणि ताट घेऊन उठली. मी चिडलो. बायको बरोबर असली की मी जास्त चिडतो.

दत्तजयंतीला आठवडा असताना बेत जमला. स्नो सायीसारखा मऊ आला. आईने मनगटावर लावला, चोळला, मनगट उजेडात फिरवलं. तो नाहीसा झाला होता. तिने पुन्हा थोडा घेऊन लावला. मग म्हणाली, "जमलाय." एवढंच. पण आमच्या घराण्यात एवढं कौतुक लग्नालाही होत नाही. मी स्वच्छ काचेच्या बाटलीत तो भरला आणि तिच्या आरशापुढे ठेवला.

दुसऱ्या दिवशी पाचला मी सहज म्हणून खोलीत डोकावलो. बाटलीला बोट लागलेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी स्नोवर शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी चमक आली होती. मुरला की स्टिअरिकचे बारीक बारीक स्फटिक होतात आणि अशी चमक येते, जुन्या चांगल्या स्नोची ही खूण. मी हरखून ती आईला दाखवली. "छान," ती म्हणाली आणि झाकण लावून टाकलं.

माझा पारा चढला. "आई, आता काय कमी आहे त्यात?"

"काही नाही. उत्तम झालाय."

"मग लावत का नाहीस? देवळात जायचंय म्हणालीस. महिनाभर राबवलंस मला."

आई पलंगावर बसली. मलाही बस म्हणाली.

"बाबा गेल्यावर, दिवस-कार्य सगळं आटोपल्यावर," ती म्हणाली, "एक दिवस पाच वाजले आणि माझा हात आपोआप स्नोकडे गेला. मनात काही नव्हतं रे. पन्नास वर्षांची सवय. स्नो लावला, पावडर लावली आणि बाहेर आले. दोघीजणी भेटायला आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग एकमेकींकडे बघितलं. बोलल्या काहीच नाहीत. बोलल्या असत्या तर चार शब्द मीही सुनावले असते. मला बसवेना. आत जाऊन तोंड धुऊन आले. तेव्हापासून चार लोकांत जाऊन बसायचं म्हटलं की ते बघणं आठवतं. गाणाऱ्या बाईकडे तर सगळेच बघतात."

मला तो दिवस आठवत होता. रविवार होता, मी घरी होतो, त्या बायकांना दार मीच उघडलं होतं, चहाही मीच दिला होता. आई आतून ओल्या चेहऱ्याने आली तेव्हा मला वाटलं होतं की ती रडून आली आहे. त्या वेळी मी बाहेरच्या खोलीत होतो, चार पावलांवर, आणि मला काही कळलं नव्हतं. याचं मला फार वाईट वाटलं.

"मग हे पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंस?" मी विचारलं. "रोज नावं कशाला ठेवत बसलीस?"

"पहिल्या दिवशी 'छान आहे' म्हटलं असतं तर तू दुसऱ्या दिवसापासून परत गॅलरीत गाड्या मोजत उभा राहिला असतास," आई म्हणाली. "साडेपाचला उठत होतास. जेवताना बोलत होतास. तुझे बाबा असते तर त्यांनीही नावंच ठेवली असती."

म्हणजे महिनाभर मी आईवर इलाज करत होतो आणि आई माझ्यावर. तिचा लागू पडला होता. माझा पडला नव्हता.

तू लाव, लोकांचं काय ऐकतेस, असं म्हणणं सोपं होतं, पण माझ्या तोंडून ते पोकळ वाटलं असतं. ज्याला जे काम येतं त्याच्याकडे ते द्यावं, हे मी कारखान्यात शिकलो होतो. म्हणून मी दोन जिने उतरून खालच्या मावशींकडे गेलो आणि त्यांना सगळं सांगून टाकलं.

"एवडंच व्हय?" मावशी म्हणाल्या. "मला वाटलं गुडगं दुखत्यात."

दत्तजयंतीच्या दिवशी दुपारी चारला मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून, तोंडाला भरपूर पावडर लावून, टाळ पिशवीत घेऊन वर आल्या. आई जुन्याच साडीत बसली होती.

"उठा ताई, तोंड धुवा."

"मी ऐकायला येते हो," आई म्हणाली. "मागे बसेन."

"मागं बसाय मानसं लई हायती." मावशींनी आरशापुढची बाटली उचलली आणि झाकण उघडून वास घेतला. "ह्यो लेकानं केलाय? झ्याक हाय की. बगा ताई, आमचं मालक जाऊन बारा वर्सं झाली. मी एक दिस पावडर चुकवली न्हाई. सासूबाई व्हत्या तवा त्या बोलल्या एकदा. मी म्हनलं, आत्या, त्वांड माजं हाय का तुमच्या लेकाचं?"

आई हसली. मोठ्याने, तोंडावर हात न ठेवता हसली. हे हसणं मी तीन वर्षांत ऐकलं नव्हतं. मग काय झालं कुणास ठाऊक, ती उठली, तोंड धुऊन आली, टॉवेलने पुसलं आणि डोळे मिटून मावशींपुढे बसली. मावशींनी त्यांच्या जाड बोटाने स्नो घेतला, कपाळावर, नाकावर, गालांवर, हनुवटीवर ठिपके दिले आणि चोळायला लागल्या.

"अहो, हळू," आई डोळे मिटूनच म्हणाली. "भाकरी थापताय का?"

मी दारात उभा होतो. बायको बँकेतून लवकर घरी येऊन माझ्या मागे कधी उभी राहिली ते मला कळलं नाही. मावशींनी चोळणं थांबवलं तेव्हा स्नो कुठेही दिसत नव्हता. तिथे फक्त आई होती, जरा ताजी.

देवळात बायका पुढे सतरंजीवर बसल्या होत्या. आम्ही पुरुष मागे, चपलांच्या ढिगाशेजारी. मला आईची पाठ तेवढी दिसत होती, आणि ती ताठ होती. मंडळातल्या एक बाई आईकडे वळून बघत होत्या. मग शेजारचीने बघितलं. त्या दिवशीच्या दोघी याच होत्या का, हे मला काही केल्या आठवेना. मला वाटलं, आता आई उठणार.

"काय लावलंय हो?" त्या बाईंनी विचारलं. आवाज साधा होता, पण माइक चालू होता, त्यामुळे सगळ्या देवळाला ऐकू गेला.

आई त्यांच्याकडे वळली. मग तितक्याच स्वच्छ आवाजात म्हणाली, "स्नो. चांगला दिसतो मला."

पेटीवाल्या बाई आईपेक्षा वीस वर्षांनी लहान असतील. त्या पुढे वाकून अदबीने म्हणाल्या, "काकू, बऱ्याच दिवसांनी गाताय, पट्टी जरा खालची घेऊ का?"

"का? मला काय झालंय?" आई म्हणाली. "काळी चार."